फॉर्म उघडताच कर्सर योग्य चौकटीत: ऑटोफोकस लावायची पद्धत, क्रमानं

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्यानंच मी आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचं लॉगिन उघडलं होतं. ईमेल भरला, पासवर्ड टाइप करायला लागलो, आणि ऐरोली यायच्या सुमारास पानाचं रखडलेलं लोडिंग पूर्ण झालं. त्याच क्षणी कर्सर उडी मारून पुन्हा ईमेलच्या चौकटीत गेला. पासवर्डची उरलेली अक्षरं तिथे उघडी उमटली, ठिपक्यांआड न लपता, शेजारी उभ्या असलेल्या चौघांना वाचता येतील अशी.

त्या पानात एकच ओळ चुकीची होती: पान पूर्ण लोड झालं की पहिल्या चौकटीवर फोकस न्या, म्हणजे कीबोर्डची सूत्रं त्या चौकटीकडे द्या. वापरणाऱ्याच्या सोयीसाठीच कुणीतरी ती लिहिली असणार. महापे-घणसोलीच्या कंपन्यांत नव्यानं लागलेली मुलं माझ्याकडे कोड तपासायला आणतात, त्यातही ही ओळ सारखी सापडते. म्हणून ऑटोफोकस, म्हणजे पान उघडताच आपोआप मिळणारा फोकस, लावायचा संपूर्ण क्रम इथे लिहितो आहे. टप्पे याच क्रमानं करा. बहुतेक बिघाड होतात ते तिसरा टप्पा पहिला केल्यानं.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनंच लिहायची.

टप्पा १: या पानाला ऑटोफोकस हवा का, ते आधी ठरवा

कोड उघडण्याआधी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. माणूस या पानावर फक्त हाच फॉर्म भरायला आला आहे का?
२. पहिली चौकट भरण्याआधी त्यानं वर काही वाचणं गरजेचं आहे का?
३. तो कीबोर्डवर काम करतो की मोबाइलवर?

पहिल्याचं उत्तर ‘हो’, दुसऱ्याचं ‘नाही’ आणि तिसऱ्याचं ‘कीबोर्ड’ असेल तर ऑटोफोकस लावा. ओटीपीचं पान, फक्त शोधाची चौकट असलेलं पान, काउंटरवरची नोंद, ही त्याची हक्काची ठिकाणं.

दुसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. समजा पाणीपट्टीच्या तक्रारीचा फॉर्म आहे, आणि वर लिहिलं आहे की जुनं बिल जवळ ठेवा, फोटो अमुक आकाराचाच हवा. डोळ्यांनी बघणारा माणूस कर्सर खाली असला तरी वरचा मजकूर वाचू शकतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याचं वाचन मात्र फोकसबरोबर चालतं. पान उघडताच फोकस चौकटीत गेला, तर त्याला ‘ग्राहक क्रमांक, एडिट’ एवढंच ऐकू येतं. वर सूचना होत्या हे त्याला मुद्दाम मागे जाऊन वाचल्याशिवाय कळत नाही. पडदा खूप मोठा करून वाचणाऱ्यांचंही तसंच होतं: पान मधूनच उघडल्यासारखं दिसतं आणि शीर्षक नजरेबाहेर राहतं.

मोबाइलचा मुद्दा निराळा. फोकसबरोबर कीबोर्ड वर आला तर अर्धा पडदा झाकला जातो. आला नाही, तर ऑटोफोकसचा फायदाच उरत नाही, कारण माणसाला बोट लावावंच लागतं. आयफोनवर वापरणाऱ्यानं स्पर्श केल्याशिवाय कोडनं दिलेल्या फोकसला कीबोर्ड सहसा उघडत नाही. मुख्यतः मोबाइलवर भरल्या जाणाऱ्या फॉर्मना मी ऑटोफोकस लावत नाही.

सांभाळा: एका पानावर ‘लॉगिन’ आणि ‘नवीन नोंदणी’ असे दोन फॉर्म असतील, तर माणूस कशासाठी आला आहे हे तुम्हाला माहीत नाही. तिथे फोकसला हात लावू नका.

टप्पा २: पानाचा पाया नीट करा

ऑटोफोकस कच्च्या फॉर्मवर लावला की त्याचे दोष जास्त बोचतात. म्हणून आधी ही कामं.

प्रत्येक चौकटीला लेबल टॅग हवा आणि त्याचा ‘फॉर’ चौकटीच्या आयडीशी जुळलेला हवा. प्लेसहोल्डरमध्ये (रिकाम्या चौकटीतल्या फिकट मजकुरात) लिहिलेलं नाव लेबलची जागा घेऊ शकत नाही, कारण पहिलं अक्षर टाइप करताच ते नाहीसं होतं.

चौकटींचा क्रम एचटीएमएलमध्येच बरोबर लावा. टॅब दाबल्यावर फोकस त्याच क्रमानं फिरतो, सीएसएसनं चौकट कुठेही हलवली तरी. क्रम चुकला म्हणून टॅबइंडेक्सला (टॅबचा क्रम ठरवणाऱ्या अॅट्रिब्यूटला) १, २, ३ असे आकडे देणं ही मलमपट्टी आहे. शून्यापेक्षा मोठे आकडे असलेले घटक पानावरच्या बाकी सगळ्यांच्या आधी येतात, आणि पुढे कुणी एक चौकट वाढवली की सगळं विस्कटतं. टॅबइंडेक्सच्या दोनच किमती पुरेशा असतात: शून्य (नेहमीच्या क्रमात) आणि उणे एक (टॅबच्या क्रमाबाहेर, पण स्क्रिप्टनं फोकस देता येतो).

फोकस कुठे आहे ते दिसलं पाहिजे. डिझाइनरला निळी कड आवडली नाही म्हणून ‘आउटलाइन नन’ लिहिलेलं मला निम्म्या प्रकल्पांत सापडतं. कड बदला, जाड करा, रंग तुमच्या ब्रँडचा द्या, पण काढू नका. फोकस दिसणं ही डब्ल्यूसीएजीमध्ये (वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत) एए पातळीची अट आहे.

पानाला वर चिकटून राहणारी पट्टी असेल तर फोकस मिळालेली चौकट तिच्याखाली दडते. त्यासाठी एचटीएमएल टॅगला सीएसएसचं ‘स्क्रोल पॅडिंग टॉप’ द्या, पट्टीच्या उंचीपेक्षा थोडं जास्त.

आयफोनसाठी एक बारकी गोष्ट: चौकटीतल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी असेल, तर फोकस मिळताच सफारी पान मोठं करून दाखवतो आणि मांडणी कडेला सरकते.

तपासा: माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब, शिफ्ट-टॅब आणि एंटर वापरून फॉर्म पूर्ण भरा. कुठेही ‘आता मी कुठे आहे?’ असा प्रश्न पडला तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: ऑटोफोकस अॅट्रिब्यूट लिहा

इनपुट टॅगमध्ये ‘ऑटोफोकस’ एवढाच शब्द लिहायचा. पुढे बरोबरचं चिन्ह नको, किंमत नको. हे बूलियन अॅट्रिब्यूट आहे: शब्द असला की चालू, नसला की बंद. ‘ऑटोफोकस बरोबर फॉल्स’ असं लिहिलं तरी ते चालूच राहतं. सर्व्हरकडच्या टेम्प्लेटमधून ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ छापणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. नको असेल तेव्हा शब्दच छापायचा नाही.

एका पानावर एकच ऑटोफोकस. दोन ठिकाणी लिहिलं तर पानाच्या क्रमात जे आधी येतं त्याला फोकस मिळतो. हेडरमधल्या शोधाच्या चौकटीत कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेलं असतं आणि तुमचा फॉर्म त्यामुळे उपाशी राहतो. लिहिण्याआधी संपूर्ण प्रकल्पात हा शब्द शोधून पाहा.

अॅट्रिब्यूट लिहूनही फोकस येत नाही, तेव्हा कारण बहुधा यातलं एक असतं:

- चौकट डिसेबल्ड आहे, किंवा ती किंवा ती ज्याच्या आत आहे तो घटक डिस्प्ले ननमुळे लपलेला आहे. रीडओन्ली चौकटीला मात्र फोकस मिळतो.
- पत्त्याच्या शेवटी हॅश आणि आयडी आहे आणि तो आयडी पानावर सापडला. ब्राउझर अशा वेळी त्या जागेला मान देतो आणि ऑटोफोकस सोडून देतो.
- फॉर्म दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात आयफ्रेमनं (पानाच्या आत पान बसवणाऱ्या टॅगनं) बसवलेला आहे. परक्या पानाचा फोकस पळवू नये म्हणून ब्राउझर तो अडवतो.
- वापरणाऱ्यानं आधीच दुसऱ्या चौकटीत क्लिक केलं आहे. हे ब्राउझरचं शहाणपण आहे, त्याच्याशी भांडू नका.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. लोकलमधला माझा पासवर्ड उघडा पडला तो या अॅट्रिब्यूटमुळे नव्हे. ते वापरलं असतं तर ब्राउझरनं मी टाइप करतो आहे हे पाहून फोकस जागचा हलवला नसता. तिथे होती ती स्क्रिप्टची सक्ती. म्हणून नियम असा: पान उघडतानाच्या फोकससाठी अॅट्रिब्यूट, आणि स्क्रिप्ट फक्त त्यानंतरच्या प्रसंगांसाठी.

टप्पा ४: डायलॉग असेल तर

डायलॉग (पानावर उघडणारी छोटी खिडकी) टॅग ‘शोमोडल’ या मेथडनं उघडला की ब्राउझर फोकस आत नेतो आणि बंद झाल्यावर आधीच्या जागी परत आणतो. आत ऑटोफोकस लिहिलेलं नसेल तर फोकस घेऊ शकणारा पहिला घटक निवडला जातो. बऱ्याचदा तो कोपऱ्यातला फुलीचा बटण असतो, आणि एंटर दाबताच डायलॉग बंद होतो. म्हणून हव्या त्या चौकटीवर स्पष्ट लिहा. डायलॉगमधला ऑटोफोकस मुख्य पानाच्या हिशोबात धरला जात नाही, त्यामुळे दोन्हीकडे एकेक असला तरी चालतं. नोंद कायमची पुसणारा डायलॉग असेल तर ऑटोफोकस ‘नको’ बटणावर ठेवा.

टप्पा ५: स्क्रिप्टनं फोकस द्यायचा असेल तर

पान न बदलता नवा भाग उघडला, तर तिथे लिहिलेल्या ऑटोफोकसवर भरवसा ठेवता येत नाही. ब्राउझर हे काम पानामागे एकदाच करतो. अशा वेळी चौकटीवर ‘फोकस’ ही मेथड चालवावी लागते. रिअॅक्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या एका लायब्ररीत) ऑटोफोकस लिहिलं तर रिअॅक्ट स्वतःच ती मेथड चालवतो, पण घटक पानावर पहिल्यांदा येतो तेव्हाच. तोच घटक लपवून पुन्हा दाखवला तर काही होत नाही, आणि मग मुलं ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ म्हणत येतात.

क्रम असा ठेवा:

१. आधी चौकट पानावर आणा आणि दिसू द्या. लपलेल्या चौकटीवर फोकस मागितला तर चूकही दाखवली जात नाही, नुसतं काही घडत नाही.
२. मग ‘डॉक्युमेंट डॉट अॅक्टिव्हएलिमेंट’, म्हणजे आत्ता फोकस असलेला घटक, बघा. तिथे बॉडी असेल (म्हणजे फोकस कुठल्याच घटकावर नसेल), किंवा नुकतंच दाबलेलं बटण असेल, तरच पुढे जा. दुसरी एखादी चौकट असेल तर माणूस काहीतरी लिहितो आहे. थांबा.
३. मग फोकस द्या. पान सरकायला नको असेल तर मेथडला ‘प्रिव्हेंटस्क्रोल’ ट्रू द्या, पण चौकट आधीपासून नजरेसमोर आहे याची खात्री असेल तेव्हाच.

सांभाळा: फोकस येत नाही म्हणून सेटटाइमआउट लावून अर्धा सेकंद थांबणं ही सर्वांत जास्त नकलून घेतली जाणारी चूक आहे. तुमच्या यंत्रावर चालेल, स्वस्त फोनवर अर्धा सेकंद अपुरा पडेल, आणि तोवर माणूस दुसरीकडे टाइप करायला लागलेला असेल. शिवाय आयफोनवर बोटाचा स्पर्श आणि फोकस यांच्यामध्ये असा खंड पडला की कीबोर्ड उघडत नाही. घटक पानावर आल्याची खूण फ्रेमवर्क देतं, तिचा आधार घ्या.

टप्पा ६: नोंद सेव्ह झाल्यावर कर्सर कुठे

दिवसभर एकच फॉर्म भरणाऱ्या माणसासाठी खरी सोय इथे आहे, आणि नेमका हाच टप्पा कुणी करत नाही.

वाशीच्या एपीएमसीत फळबाजारातल्या एका गाळ्यासाठी मी आवक नोंदीचा फॉर्म केला होता. चौकटी पाच: गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, माल, पेट्या, भाव. हापूसच्या हंगामात पहाटेपासून गाड्या लागतात. पहिल्या आवृत्तीत सेव्ह केल्यावर सगळ्या चौकटी रिकाम्या होत आणि कर्सर गाडी नंबरवर जाई. मला ते अगदी बरोबर वाटत होतं. मुनीमकाकांनी दोनच दिवसांत सांगितलं, “अहो, एका गाडीत वीस शेतकऱ्यांचा माल असतो. वीस वेळा तोच नंबर कशाला लिहायला लावता? आणि तुमच्या पडद्याकडे मी बघतच नाही, माझी नजर चिठ्ठीवर.”

दुसऱ्या वाक्यानं माझी झोप उडवली. पडदा न बघता टाइप करणाऱ्याचा कर्सर एक चौकट जरी चुकला, तरी पेट्यांचा आकडा भावात जातो आणि शेतकऱ्याची हिशोबपट्टी चुकते.

बदललेला क्रम असा:

१. पान उघडताना ऑटोफोकस गाडी नंबरवर.
२. सेव्ह झाल्यावर गाडी नंबर तसाच राहतो, बाकीच्या चौकटी रिकाम्या होतात, फोकस शेतकऱ्याच्या नावावर.
३. ‘नवी गाडी’ असं वेगळं बटण. ते दाबलं की नंबर पुसला जातो आणि कर्सर तिथे जातो.
४. सर्व्हरकडून ‘झालं’ असं उत्तर आल्यावरच चौकटी रिकाम्या करायच्या. आधी केल्या आणि नेट गेलं, तर नोंदही गेली आणि टाइप केलेलंही.

तुमच्या फॉर्मसाठी याच पद्धतीनं विचारा: पुढच्या नोंदीत काय बदलतं? जे बदलतं त्यातल्या पहिल्या चौकटीवर फोकस ठेवा.

या टप्प्यात तीन खड्डे आहेत. एक, दुबार सेव्ह टाळायला सेव्हचं बटण डिसेबल केलं आणि फोकस त्याच बटणावर होता, तर तो हरवतो. त्यामुळे उत्तर आल्यावर फोकस स्वतः ठेवावाच लागतो. दोन, बटण टॅगला टाइप दिला नाही तर तो सबमिटच धरला जातो, आणि चौकटीत एंटर दाबल्यावर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण चालतं. तुमचं ‘पुसा’ बटण आधी आलं असेल आणि त्याला टाइप नसेल, तर एंटरसरशी नोंद पुसली जाईल. ज्या बटणानं सबमिट करायचं नाही त्याला ‘टाइप बटण’ लिहा. तीन, ‘नोंद झाली’ हा संदेश दाखवायला फोकस तिकडे नेऊ नका. ‘रोल स्टेटस’ असलेला रिकामा डिव्ह पानावर आधीपासून ठेवा आणि मजकूर नंतर त्यात घाला. स्क्रीन रीडर तो वाचतो, कर्सर जागचा हलत नाही.

पेट्यांच्या चौकटीला मी ‘टाइप नंबर’ ठेवला होता, तोही काढला. काही ब्राउझरांत कर्सर आत असताना माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो. ‘टाइप टेक्स्ट’ आणि ‘इनपुटमोड न्युमेरिक’ यांनी तेच काम सुरक्षित होतं.

टप्पा ७: चूक निघाली तर

छोटा फॉर्म असेल तर चुकलेल्या पहिल्या चौकटीवर फोकस न्या. चौकटीला ‘एरिया इनव्हॅलिड’ ट्रू करा आणि चुकीचा मजकूर ‘एरिया डिस्क्राइब्डबाय’नं जोडा, म्हणजे फोकस येताच लेबलबरोबर चूकही वाचली जाते. हे दोन्ही फोकस देण्याच्या आधी लावा. लांब फॉर्ममध्ये वर चुकांची यादी दाखवा, तिच्या शीर्षकाला टॅबइंडेक्स उणे एक द्या आणि फोकस तिथे न्या. यादीतली प्रत्येक ओळ त्या त्या चौकटीची लिंक असू द्या.

तपासणी सबमिट केल्यावर करा. चौकटीतून बाहेर पडणाऱ्याला लगेच पकडून परत त्याच चौकटीत ढकलणारे फॉर्म मी पाहिले आहेत. चिठ्ठीवर भाव लिहायचा राहिला असेल तर माणूस तिथेच अडकून बसतो.

सबमिट दाबल्यावर काहीच होत नसेल तर कन्सोल (ब्राउझरच्या डेव्हटूल्समधला चुका दाखवणारा भाग) उघडा. लपलेली चौकट रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) असेल, तर ब्राउझर तिथे फोकस नेऊ शकत नाही आणि फॉर्म नुसता थिजतो. चौकट लपवताना रिक्वायर्डही काढा, किंवा ती डिसेबल करा.

आपल्याकडची आणखी एक अडचण: मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे बऱ्याचदा देवनागरीत उमटतात, आणि पॅटर्नमध्ये (चौकटीत काय चालेल ते ठरवणाऱ्या साच्यात) फक्त इंग्रजी अंक असतील तर ‘१२’ नाकारलं जातं. कर्सर पुन्हा पुन्हा त्याच चौकटीत येतो आणि काय चुकलं ते कळत नाही. अंक तुम्हीच बदलून घ्या, माणसाला परत पाठवू नका.

टप्पा ८: ओटीपी

सहा अंकांसाठी सहा चौकटी आणि प्रत्येक अंकानंतर पुढे उडी, हे करू नका. पेस्ट बिघडतं, मागचा अंक पुसताना कर्सर भरकटतो, स्क्रीन रीडर सहा वेळा बोलतो. एकच चौकट ठेवा, ‘इनपुटमोड न्युमेरिक’ आणि ‘ऑटोकम्प्लीट वन-टाइम-कोड’ द्या, अक्षरांमध्ये अंतर सीएसएसनं दाखवा. ऑटोफोकस इथे निःशंक लावा.

टप्पा ९: तपासणी

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये कन्सोलच्या वर डोळ्याचं चिन्ह आहे. त्यात ‘डॉक्युमेंट डॉट अॅक्टिव्हएलिमेंट’ लिहून ठेवा, म्हणजे फोकस कुठे फिरतो ते सतत दिसत राहतं. कन्सोलमध्ये क्लिक केलं की पानाचा फोकस जातो. त्यामुळे चुकीचा निष्कर्ष निघू नये म्हणून रेंडरिंग विभागात पान फोकसमध्ये असल्याचं भासवणारा पर्याय चालू करा.

मग हे करून पाहा:

- नेटवर्क विभागात वेग मुद्दाम कमी करा. पान अर्धं आलेलं असताना दुसऱ्या चौकटीत टाइप करायला लागा. शेवटपर्यंत एकही अक्षर दुसरीकडे जाता कामा नये.
- पान ४०० टक्के मोठं करा. फोकस असलेली चौकट वरच्या पट्टीखाली दडते का?
- दुसऱ्या पानावर जाऊन ‘मागे’ या. भरलेला मजकूर आणि कर्सर यांचं काय झालं?
- विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, अँड्रॉइडवर टॉकबॅक असतो. डोळे मिटून पान उघडा आणि पहिलं काय ऐकू येतं ते लिहून काढा.

शेवटची चाचणी फॉर्म रोज भरणाऱ्या माणसासोबत करा. त्याच्या टेबलाशी बसा, मॉनिटरवर एक कागद चिकटवा, आणि हातातल्या चिठ्ठ्यांवरून त्याला पाच नोंदी करू द्या. मग कागद काढा आणि चिठ्ठ्या तक्त्याशी ताडून बघा. एक जरी आकडा शेजारच्या चौकटीत गेला असेल तर सहाव्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा.